उच्चारांचा क्लास: मिनिटाचा भाव किती?

आमच्या सोसायटीतला एक मुलगा काही महिन्यांपूर्वी माहितीपत्रक घेऊन आला. आयटीत आठ वर्षे झालीत, कामाला चोख. पण अमेरिकेतल्या क्लायंटच्या कॉलवर दर दोन वाक्यांनी समोरून "सॉरी?" येते आणि मग टीम लीड मध्ये पडून याचेच वाक्य पुन्हा म्हणतो. बढतीच्या चर्चेत "कम्युनिकेशन" हा शब्द दोनदा निघालेला. पत्रकावर छापले होते: 45 तास, 18 हजार रुपये अधिक जीएसटी, न्यूट्रल ॲक्सेंटची हमी. "काकू, लावू का?"

मी विचारले, बॅचमध्ये किती जण? म्हणाला, पंचवीस.

मग त्याच पत्रकाच्या पाठीवर हिशेब मांडला. 18 हजारांवर 18 टक्के जीएसटी धरला की 21,240 रुपये. 45 तास म्हणजे 2,700 मिनिटे. त्यातला निम्मा वेळ शिकवणारा बोलणार, हे मी उदारपणे धरले; प्रत्यक्षात तो जास्तच बोलतो. उरली 1,350 मिनिटे, ती पंचवीस जणांत वाटली की माणशी 54. म्हणजे तो बोलतोय, कोणीतरी ऐकतेय आणि चूक सुधारतेय, अशा एका मिनिटाला 393 रुपये. मोबाइल नवा आला तेव्हा गर्दीच्या वेळी मिनिटाला सोळा-सतरा रुपये पडायचे, तर आपण घड्याळाकडे बघत बोलायचो.

उच्चाराच्या बाबतीत पैसे मोजायचे ते याच मिनिटांचे. व्याकरण ऐकून शिकता येते, शब्दसंग्रह वाचून वाढतो. उच्चार मात्र स्वतः चुकल्याशिवाय आणि ती चूक दुसऱ्याच्या कानाने पकडल्याशिवाय सुधारत नाही. पोहण्याच्या क्लासला काठावर बसून राहण्याचे पैसे कोण देईल?

हे मी तटस्थपणे सांगतेय असे नाही. या शतकाच्या पहिल्या दशकात मी स्वतः एका कॉल सेंटरात 'व्हॉइस अँड ॲक्सेंट' शिकवत होते. वीस-वीसची बॅच, तीन आठवडे, जीभ वळवायची वाक्ये, 'फ्रेंड्स' मालिकेचे भाग, आणि प्रत्येकाला एक अमेरिकन नाव. सुनीताची सँडी व्हायची. मातृभाषेचा प्रभाव, म्हणजे आमच्या बोलीतला 'एमटीआय', पुसून काढणे हे आमचे काम. एका बॅचमधल्या मुलीचा अमेरिकन 'र' इतका सुरेख होता की मी तिला उभे करून इतरांना ऐकवायचे. फ्लोअरवर गेल्यावर चौथ्याच दिवशी तिने ग्राहकाला पंधरा डॉलर सांगितले आणि त्याने पन्नास ऐकले. 'र' गोड होता. 'फिफ्टीन'मधला जोर चुकीच्या जागी पडला होता. ती चूक तिची नव्हती, मी शिकवायचे ते चुकीचे निवडले होते.

कॅनडातले संशोधक मन्रो आणि डर्विंग यांनी 1995 मध्ये हेच शास्त्रशुद्ध मांडले. परभाषकांचे इंग्रजी त्यांनी मूळ इंग्रजी बोलणाऱ्यांना ऐकवले, ऐकलेले लिहून घ्यायला लावले आणि वर ढब, म्हणजे ॲक्सेंट, किती जाणवते तेही विचारले. ढब जड वाटूनही शब्द न् शब्द बरोबर उतरवला गेला, असे कितीतरी वेळा झाले. ढब आणि समजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्लास बहुतेक वेळा पहिलीचे पैसे घेतात. नोकरीत अडते ते दुसरीमुळे.

पैसे काढण्यापूर्वी

आधी हेडसेट बघा. हे गमतीने लिहीत नाही. ब्लूटूथ इअरबड गाणी छान वाजवतात, पण त्यांचाच माइक चालू झाला की बऱ्याचदा आवाजाचा दर्जा खाली येतो आणि 'स', 'फ', 'थ' यांसारखे वरच्या पट्टीतले ध्वनी आधी मरतात. दोन ते तीन हजारांचा, तोंडासमोर दांडी असलेला वायरचा यूएसबी हेडसेट घ्या. त्याने "सॉरी?" निम्म्यावर आले, तर क्लासची गरज तेवढ्यापुरती नव्हतीच.

मग फुकटची चाचणी. फोनवरच्या व्हॉइस टायपिंगची भाषा 'इंग्लिश, अमेरिका' करा. 'इंग्लिश, इंडिया' नको, ते आपल्याला सांभाळून घेते. वाक्य म्हणू नका, संदर्भावरून यंत्र अंदाज बांधते. सुटे शब्द म्हणा: वेस्ट आणि व्हेस्ट, पॅक आणि बॅक, फिल आणि फील, थर्टीन आणि थर्टी. प्रत्येक पाच वेळा, उलटसुलट क्रमाने. जिथे यंत्र सारखे चुकते ती तुमची यादी. याला शून्य रुपये आणि वीस मिनिटे लागतात, आणि अनेक क्लास 'असेसमेंट फी' म्हणून हजार-पाचशे घेऊन याहून कमी सांगतात.

तिसरे, स्वतःच्या एखाद्या कॉलचे रेकॉर्डिंग ऐका (कंपनीची परवानगी असेल तरच). बरेच जण उच्चारात नाही, वेगात आणि श्वासात अडकलेले असतात. आपण मराठी लोक आधीच भरभर बोलतो. घाबरलो की आणखी. वाक्यात दोन ठिकाणी थांबणे हा कोणत्याही क्लासपेक्षा स्वस्त उपाय आहे.

मराठी जिभेचा हिशेब

शिकवणाऱ्याला तुमची मातृभाषा माहीत असणे इथे उपयोगी पडते. मराठी माणसाच्या अडचणी बंगाली किंवा मल्याळी माणसासारख्या नसतात, आणि सगळ्यांना एकच पुस्तिका वाटणारा क्लास त्या अडचणींना हातच लावत नाही.

काही गोष्टींत आपण मुळातच पुढे आहोत. 'बॅट' आणि 'बॉल' यांच्यासाठी मराठीने स्वतंत्र चिन्हे केली आणि उच्चारही रुळवले. 'कॅट'ला कोणी मराठी माणूस 'केट' म्हणत नाही. लिपीने आणखी एक उपकार केला आहे, तो आपण वापरत नाही: 'व्हॅन', 'व्हायरस' लिहिताना 'व्ह' आणि 'वॉल', 'वीक' लिहिताना 'व'. हाताला फरक ठाऊक आहे, ओठांना नाही. 'व्ह'ला वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे, 'व'ला ओठ शिट्टीसारखे गोल करायचे. लिहिताना जसे वेगळे लिहिता तसेच बोला, एवढे सांगितले की मराठी विद्यार्थी दोन आठवड्यांत सुधारतो. हिंदी विद्यार्थ्याला इतके सोपे जात नाही.

ऱ्हस्व-दीर्घाची गोष्ट मात्र उलटी. शाळेत वेलांटी चुकली म्हणून मार्क कापले गेले, पण मराठी बोलताना 'इ' आणि 'ई' यांतल्या फरकाने अर्थ सहसा बदलत नाही, म्हणून कानाने तो कधी मनावरच घेतला नाही. इंग्रजीत तो अर्थ बदलतो. 'आय वॉन्ट टु लिव्ह' आणि 'आय वॉन्ट टु लीव्ह' यांच्यामध्ये एक राजीनामा उभा असतो. 'शीट' म्हणायला जाऊन काय बाहेर पडते, हे एक्सेलवर काम करणाऱ्यांना सांगायला नको.

तिसरी अडचण ऐकून लोकांना आश्चर्य वाटते. आपला 'प' श्वासाविना येतो. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीच्या 'प', 'ट', 'क' यांच्यासोबत हवेचा झोत सुटतो. तो झोत नसला की इंग्रजी कानाला 'पॅक' हा 'बॅक' वाटतो, 'कोल्ड' हा 'गोल्ड'. आता 'पॅक अप' आणि 'बॅकअप' यांचा घोळ सर्व्हर सांभाळणाऱ्याकडून झाला तर? उपाय आपल्याच वर्णमालेत आहे. 'ख' आणि 'ठ' म्हणताना जो श्वास सुटतो तो थोडासा 'क' आणि 'ट' यांना द्यायचा. तोंडासमोर कागदाची पट्टी धरा. हलली की जमले.

सगळ्यात मोठे काम आघाताचे. मराठीत शब्दातली अक्षरे जवळपास सारख्या वजनाने चालतात. इंग्रजीत एक अक्षर वर येते आणि बाकीची पुसट होतात, आणि ऐकणारा त्या वर आलेल्या अक्षरावरून शब्द ओळखतो. आपण 'डे'वर जोर देऊन 'डेव्हलप' म्हणतो, त्यांचा जोर 'व्हे'वर. 'कम्पोनंट'मध्ये 'पो'वर, 'पॅरामीटर'मध्ये 'रॅ'वर, 'हॉटेल' आणि 'इव्हेंट' दोन्हींत दुसऱ्या अक्षरावर. तुमच्या कामातले रोजचे शंभर शब्द काढा आणि केंब्रिज किंवा ऑक्सफर्डच्या मोफत ऑनलाइन शब्दकोशात एकेक ऐका. युग्लिश नावाचे मोफत संकेतस्थळ कोणताही शब्द खऱ्या भाषणांतून शोधून ऐकवते. हे शंभर शब्द म्हणजे तुमचा अर्धा क्लास.

माझ्या यादीत नसलेल्या गोष्टीही सांगते. 'थिंक'मधला दातांतला 'थ' आणि अमेरिकन वळणाचा 'र' यांवर क्लास आठवडेच्या आठवडे घालवतात, कारण ते शिकवायला मजेदार असतात आणि जाहिरातीत ऐकू येतात. जेनिफर जेन्किन्स यांनी 2000 साली जगभरच्या परभाषकांच्या आपसातल्या इंग्रजीचा अभ्यास करून समजण्यासाठी अत्यावश्यक ध्वनींची यादी केली. तिच्यात 'थ' नाही. सुरुवातीच्या 'प-ट-क'चा श्वास आणि स्वरांची लांबी मात्र आहे. डेमो लेक्चरमध्ये तासभर 'थ' चालला तर चहा पिऊन घरी या.

बाजारात काय मिळते

आकडे ढोबळ आहेत. पुण्या-मुंबईत वरचे, नाशिक-कोल्हापूर-संभाजीनगरात खालचे धरा.

'स्पोकन इंग्लिश'चे गल्लीतले क्लास दोन-तीन महिन्यांना तीन ते आठ हजार घेतात. तिथे भीड चेपते, उच्चार सुधारत नाहीत. ज्याला इंग्रजीत तोंडच उघडवत नाही त्याने हाच लावावा, बाकीच्यांनी नाही. 'व्हॉइस अँड ॲक्सेंट' म्हणून स्वतंत्र चालणारे क्लास दहा ते पंचवीस हजारांत बसतात, आणि वरचा भागाकार सगळ्यात जास्त इथेच लागू पडतो. बॅच सहाजणांची असेल तर गणित पूर्ण बदलते: तेच 45 तास आणि तेच 21,240 रुपये, पण मिनिटे 225 आणि भाव 94.

एकास एक ऑनलाइन शिकवणी हा सध्याचा सगळ्यात परवडणारा मार्ग. भारतीय शिक्षक तासाला चारशे ते बाराशे घेतात. 700 रुपये तासाने, निम्मा वेळ तुम्ही बोललात तर मिनिट साधारण 23 रुपयांना पडते. इंग्लंड-अमेरिकेतल्या शिक्षकाला तासाला 20 ते 50 डॉलर मोजावे लागतात. गोरा चेहरा दिसतो म्हणून ते मोजू नका. "इंग्रजी माझी मातृभाषा आहे" ही शिकवण्याची पात्रता नाही. तुम्हाला शेजाऱ्याच्या परदेशी सुनेला मराठीतला 'ळ' समजावून सांगता येतो का, बघा. शिक्षकाकडे केंब्रिजचे सेल्टा प्रमाणपत्र किंवा हैदराबादच्या इंग्रजी आणि परदेशी भाषा विद्यापीठाचा अध्यापनाचा डिप्लोमा असला तर उत्तम. नसला तर एकच प्रश्न विचारा: "मी मराठी आहे, माझ्या कोणत्या तीन गोष्टी आधी सुधाराल?" उत्तर लगेच आणि नेमके आले तर पैसे द्या.

एल्सा स्पीकसारखी ॲप महिन्याला काही शे रुपयांत मिळतात. सुट्या ध्वनीचा सराव ती न कंटाळता करून घेतात. पण ती मिटिंगमध्ये तुमच्यासोबत घाबरत नाहीत. शिकवणीच्या जोडीला घ्या, बदली म्हणून नको; आणि एक वर्षाचे वर्गणी-पॅकेज घेण्याआधी एक महिन्याचे घ्या. बीबीसी लर्निंग इंग्लिशचे उच्चारांचे व्हिडिओ फुकट आहेत आणि अनेक विकतच्या कोर्सपेक्षा चांगले.

एक नवी गोष्ट. बोलताना तिथल्या तिथे ढब बदलणारे सॉफ्टवेअर आता आले आहे. टेलिपरफॉर्मन्स ही फ्रान्सची प्रचंड मोठी कॉल सेंटर कंपनी भारतातल्या कर्मचाऱ्यांसाठी सानास या कंपनीचे असे तंत्र वापरतेय, हे 2025 मध्ये जाहीर झाले. त्यामुळे केवळ कॉल सेंटरात शिरण्यासाठी पदरचे वीस हजार घालून 'न्यूट्रल ॲक्सेंट' विकत घेणे आता आणखीच कमी शहाणपणाचे. तसेही व्हॉइस प्रोसेसमध्ये निवड झाल्यावर प्रशिक्षण कंपनी देते, आणि प्रशिक्षणाच्या काळात बहुधा पगारही. पैसे भरून नोकरी 'लावणाऱ्या' क्लासपासून दूर राहा.

कोणाला खर्च केलाच पाहिजे

परिचारिकांना. ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलियाला जायचे तर सहसा ओईटी किंवा आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा लागते. ओईटीच्या बोलण्याच्या परीक्षेत 'समजण्याजोगे असणे' हा स्वतंत्र निकष आहे. आयईएलटीएसमध्ये बोलण्याच्या गुणांचा चौथा हिस्सा उच्चारांना, आणि तिथेही ढब आहे म्हणून गुण जात नाहीत. ढबीमुळे समजायला त्रास झाला तर जातात. आयईएलटीएसची फी आता 18 हजारांच्या आसपास आहे. बोलण्यात अर्ध्या बँडने हुकलात तर पुन्हा फी, शिवाय महिने वाया. त्यापेक्षा आधी आठ-दहा तास एकास एक शिकवणी स्वस्त.

वैमानिकांना तर सक्तीच आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या पट्टीवर किमान चौथी पातळी लागते. सहा निकषांपैकी सगळ्यात कमी गुणांचा निकष हीच तुमची पातळी धरली जाते, म्हणजे बाकी सगळे उत्तम असूनही उच्चारात तिसरी आली की संपले. जहाजावर जाणाऱ्या रत्नागिरी-गोव्याच्या मुलांना आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचे ठरलेले इंग्रजी वाक्प्रयोग पाठ करावेच लागतात. त्यांनी सामान्य क्लासऐवजी तेच शब्द आणि आकडे नीट उच्चारायला शिकावे.

अमेरिकेत नोकरी करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. तिथल्या 1964च्या नागरी हक्क कायद्यानुसार कामात खरोखर अडथळा येत असेल तरच ढबीवरून नोकरी नाकारता येते. पण 'खरोखर' म्हणजे किती, हे न्यायालय ठरवते. होनोलुलूत कारकुनाच्या लेखी परीक्षेत पहिला आलेला मॅन्युएल फ्रॅगांटे हा फिलिपिनो माणूस 1989 मध्ये अपील न्यायालयात हरला, कारण खिडकीवर लोकांशी सतत बोलण्याचे काम होते. मिटिंगमध्ये टिंगल होत असेल तर मात्र क्लास लावू नका, एचआरला लिहा. तो तुमच्या जिभेचा दोष नव्हे.

बाकीच्यांनी पगारवाढीच्या आशेने कर्ज काढू नये. उच्चार सुधारल्याने पगार किती टक्के वाढतो, असा आकडा जो सांगेल तो विक्रेता आहे. ढबीचा फटका खरा असतो, हेही तितकेच खरे. शिकागोतल्या लेव-अरी आणि कीसार यांच्या 2010च्या प्रयोगात तेच सामान्यज्ञानाचे विधान परकी ढबीत ऐकले की लोकांना ते कमी विश्वसनीय वाटले. दुसरीकडे, क्लार्क आणि गॅरेट यांना 2004 मध्ये दिसले की ऐकणाऱ्याचा कान नव्या ढबीला मिनिटभरात सरावू लागतो. म्हणजे पहिल्या मिनिटाची तयारी सगळ्यात महत्त्वाची. नाव, हुद्दा आणि आजचा विषय ही तीन वाक्ये घोटून घ्या, सावकाश म्हणा. दोन तासांच्या शिकवणीत एवढे होते.

पावती आणि भांडण

सगळी फी एकदम भरू नका. चार तासांचे पैसे द्या, मग पुढचे. 'आजच भरलेत तर 40 टक्के सूट' ऐकले की उद्या या. उद्याही सूट असते. 'नो कॉस्ट ईएमआय' म्हणजे क्लासचा हप्ता नव्हे, वित्तसंस्थेचे तुमच्या नावावरचे कर्ज. क्लास बंद पडला तरी ते चालू राहते. डिजिटल कर्ज घेतल्यावर सुरुवातीच्या ठरावीक दिवसांत मुद्दल आणि तेवढ्याच दिवसांचे व्याज भरून बाहेर पडता येते, पण ती मुदत कधीकधी एखाद-दुसऱ्या दिवसाचीच असते. करारातले ते कलम त्याच दिवशी वाचा.

नोकरीची, निवडीची किंवा बढतीची हमी देणाऱ्या कोचिंगच्या जाहिरातींवर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2024 मध्ये बंदी घालणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. जाहिरातीचा फोटो काढून ठेवा, जीएसटी क्रमांक असलेली पावती मागा. पावती नको असेल तर जीएसटी सोडतो, असे सांगणाऱ्याकडे भरलेल्या पैशांचा तुमच्याजवळ पुरावाच राहत नाही. पैसे अडले तर आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर. तिथे जमले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. 2019च्या कायद्याने तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, क्लास बंगळुरूचा असला तरी. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, वकीलही सक्तीचा नाही.

त्या मुलाने क्लास लावला नाही. 2,600 रुपयांचा हेडसेट, आठवड्याला एक याप्रमाणे सोळा तासांची एकास एक शिकवणी 11,200 रुपयांची, एकूण 13,800. त्यातली आठ मिनिटे दर वेळी फक्त आकडे. मागच्या शनिवारी जिन्यात भेटला तेव्हा मला थांबवून म्हणाला, "काकू, ऐका," आणि फिफ्टीन, फिफ्टी, फिफ्टीन असे म्हणत दुसऱ्या मजल्यापर्यंत चढून गेला. एकदा चुकला. त्याचे त्यालाच कळले.